अंकल रीमसच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात का?

तुमचा प्रश्न असा आहे. शाळेतल्या गोष्टींच्या तासासाठी देशोदेशीच्या प्राणिकथा जमवताना तुम्हाला अंकल रीमसचा, म्हणजे एका अमेरिकन पुस्तकात एका काल्पनिक काळ्या म्हाताऱ्याने सांगितलेल्या गोष्टींतला, ससा सापडला. कोल्हा डांबराची बाहुली उभी करतो आणि ससा तिला चिकटून बसतो, ती गोष्ट मुलांना बेहद्द आवडली. मग अमेरिकेत राहणाऱ्या एका पालकांनी कळवलं की तिथे हे पुस्तक आता जपूनच हाताळतात. लेखक गोरा होता, गोष्टी गुलामांच्या होत्या, आणि त्याने त्या चोरल्या, गुलामगिरीला गोंडस रूप देऊन विकल्या. तर या गोष्टी सांगाव्यात की नाही?

लोककथा गोळा करणं, सांगणं आणि शिकवणं यातच माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. ससा ठेवा, अंकल रीमस वगळा. मात्र वगळण्याआधी तुम्ही स्वतः त्या म्हाताऱ्याला नीट वाचा, कारण त्याला का वगळायचं हे कळलं तरच ससा कसा सांगायचा हे कळेल.

या पुस्तकाचा लेखक जोएल चँडलर हॅरिस हा जॉर्जिया राज्यातल्या ईटन्टन गावचा. आईचं लग्न झालेलं नव्हतं आणि बाप पोर झाल्यावर लगेच निघून गेला. आई शिवणकाम करून घर चालवायची. पोरगा बुटका, तांबड्या केसांचा, बोलताना अडखळणारा. 1862 साली, उत्तर-दक्षिणेच्या ऐन यादवी युद्धात, गावाजवळच्या टर्नवोल्ड नावाच्या मळ्यावर जोसेफ ॲडिसन टर्नर या मळेवाल्याने ‘द कंट्रीमन’ नावाचं साप्ताहिक काढलं. छापखाना मळ्यातच होता. तिथे हॅरिस खिळे जुळवायला उमेदवार म्हणून लागला. टर्नरच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तकं तो वाचू लागला, आणि काम संपलं की गुलामांच्या झोपड्यांत जाऊन बसायला लागला. जॉर्ज टेरेल, ओल्ड हार्बर्ट आणि आंट क्रिसी ही तिथल्या गोष्टी सांगणाऱ्यांची नावं. ही तीन नावं लिहून ठेवा. शेवटी त्यांचंच काम पडणार आहे.

हे वय आणि ही जागा नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजे. बिनबापाचा, गोऱ्या समाजात अवघडलेला पोरगा ज्यांच्यात सैलावत होता, ती माणसं दुसऱ्याच्या मालकीची होती. त्याच्या आठवणीत त्या झोपड्या म्हणजे ऊब, चुलीचा उजेड आणि गोष्टी. त्या खऱ्याच होत्या त्याच्यासाठी. पण गोष्ट संपल्यावर तो उठून जाऊ शकत होता. सांगणाऱ्याला तशी मुभा नव्हती. हॅरिसच्या पुस्तकात पुढे जे जे चांगलं आणि जे जे खोटं आहे, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

1864 च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या जनरल शर्मनचं सैन्य त्या भागातून गेलं आणि मळ्याची व्यवस्था कोलमडली. हॅरिस मेकन, न्यू ऑर्लिन्स, फोर्साइथ, सव्हाना असा वृत्तपत्रांतून फिरत राहिला. 1876 मध्ये सव्हानात पिवळ्या तापाची साथ आली, तेव्हा बायकोमुलांना घेऊन तो अटलांटाला आला आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ दैनिकात चिकटला. तिथे कृष्णवर्णीयांच्या बोलीत विनोदी स्फुटं लिहिणारा एक सहकारी सोडून गेला होता आणि ती जागा भरायचं काम याच्या गळ्यात पडलं. त्यातून अंकल रीमस जन्मला. हा पहिला रीमस मळ्यावरचा नाही. तो अटलांटा शहरात राहतो, वर्तमानपत्राच्या कचेरीत डोकावतो आणि नव्या जमान्याबद्दल कुरकुर करतो. काळ्या पोरांना शाळेत घालण्याची तो टर उडवतो. हातात पुस्तक दिलं की नांगर धरणारा एक माणूस गेला, असा त्याचा सूर. गुलामगिरी संपून फार तर पंधरा वर्षं झालेली, आणि गोरे वाचक हे एका काळ्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून खूश होत होते. ही स्फुटं त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी आजही छापलेली असतात. मुलांसाठीच्या आवृत्त्यांतून ती गाळतात, त्यामुळे आपल्याकडे कुणाला त्यांचा पत्ताच नसतो.

दुसरा रीमस आला 20 जुलै 1879 रोजी. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोककथांवरचा एका मासिकातला लेख वाचून हॅरिसला वाटलं, हे तर आपण याच्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकलंय. त्याने ससा आणि कोल्ह्याची गोष्ट लिहिली. या रीमसला मळ्यावरच्या झोपडीत बसवलं आणि समोर मालकाच्या घरातला एक लहान मुलगा दिला. गोष्टी देशभरच्या वर्तमानपत्रांनी उचलल्या. 1880 च्या अखेरीस पुस्तक आलं, त्यात ससा-कोल्ह्याच्या चौतीस गोष्टी. 1883 मध्ये दुसरं आलं, त्यात याच्या दुपटीहून जास्त. आयुष्यभरात त्याने अशा दीडशेच्या वर गोष्टी छापल्या.

आता हा लहान मुलगा कोण, ते पाहा. पुस्तकात ‘युद्धाची एक गोष्ट’ नावाचं प्रकरण आहे. उत्तरेकडचा एक सैनिक झाडावर दबा धरून रीमसच्या मालकावर नेम धरतो आणि रीमस त्या सैनिकावर गोळी झाडतो. म्हणजे ज्या सैन्याच्या विजयाने रीमस मुक्त होणार, त्याच सैन्यातल्या माणसावर, मालकाला वाचवण्यासाठी. वर्तमानपत्रात ही गोष्ट पहिल्यांदा आली तेव्हा सैनिक मरतो. पुस्तकात हॅरिसने तो जगवला. त्याचा एक हात जातो, मालकाची बहीण मिस सॅली त्याची शुश्रूषा करते, दोघांचं लग्न होतं. रीमसच्या मांडीशी बसून गोष्टी ऐकणारा पोरगा या दोघांचा. उत्तर आणि दक्षिण यांचा समेट, आणि त्या समेटाला गोष्टी सांगून झोपवायला एक समाधानी म्हातारा नोकर. हॅरिसचा सहकारी हेन्री ग्रेडी त्याच काळात अग्रलेखांतून आणि भाषणांतून ‘नव्या दक्षिणे’चा पुरस्कार करत होता. तिथे उद्योग हवे होते, उत्तरेचं भांडवल हवं होतं, आणि सत्ता मात्र गोऱ्यांच्याच हाती राहायला हवी होती. रीमसची झोपडी त्या राजकारणात फार चपखल बसली.

म्हणून चौकट वाईट. इथपर्यंत तुम्हाला कळवणाऱ्या त्या पालकांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

आता चौकटीच्या आतली एक गोष्ट घ्या. ससा, कोल्हा आणि ओपॉसम नावाचा एक छोटा प्राणी मिळून लोणी साठवतात. ससा बायकोच्या दुखण्याचं निमित्त करून ते गुपचूप फस्त करतो आणि झोपलेल्या ओपॉसमच्या तोंडाला फासतो. ओपॉसम म्हणतो, मी नाही खाल्लं. मग ठरतं, जाळावरून उडी मारायची. चोर असेल तो आत पडेल. कोल्हा उडी मारतो, ससा मारतो, आणि बिचारा निर्दोष ओपॉसम आगीत पडून मरतो. ऐकणारा पोरगा कळवळून म्हणतो, पण लोणी तर सशाने चोरलं होतं! रीमस म्हणतो, या जगात पुष्कळ लोकांना दुसऱ्यांच्या पापाची फळं भोगावी लागतात.

ही गोष्ट कुठल्या समाधानी नोकराने रचलेली नाही. आपल्या शरीराचा निवाडा दुसरा करतो, पुरावा तोंडाला फासता येतो आणि खरं बोलून काही उपयोग होत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी ती रचली आहे. शिवाय लक्षात घ्या की यातला ससा नायक नाही, खलनायक आहे. इसापासारखं इथे शेवटी तात्पर्य नसतं. असतं ते हिशेबाचं ज्ञान: जोर तुझ्याकडे नाही, तेव्हा तोंड चालव, आणि तुझ्यापेक्षा दुबळा कुणी असेल तर तोही तुझ्यापासून सुरक्षित नाही. शर्यतीची गोष्टसुद्धा इथे अशीच आहे. कासव चिकाटीने जिंकत नाही. ते बायकोपोरांना वाटेतल्या प्रत्येक खांबाशी लपवून ठेवतं आणि स्वतः शेवटच्या खांबाजवळ बसून राहतं. सशाला सगळी कासवं सारखीच दिसतात. माणसामाणसांत फरक न करणाऱ्या मालकाला फसवायचं कसं, हे यापेक्षा कमी शब्दांत मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

हॅरिसला हे कळत नव्हतं असं समजू नका. पहिल्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलंय की कृष्णवर्णीय कथाकाराने सगळ्यांत दुबळा, निरुपद्रवी प्राणी नायक म्हणून का निवडला आणि त्याला अस्वल, लांडगा, कोल्हा यांच्यावर विजय का मिळवून दिला, हे सांगायला शास्त्रीय संशोधन लागत नाही. इथे सद्गुण जिंकत नाही, असहायता जिंकते, असंही तो म्हणतो. ज्याने हे वाक्य लिहिलं त्यानेच शाळेची टर उडवणारा रीमस लिहिला. एका पत्रात तो आपल्या मुलींना सांगतो की दिवसभर अग्रलेख लिहिणारा मी वेगळा, आणि रात्री लेखणी हाती घेतल्यावर माझ्या आत जागा होणारा तो ‘दुसरा माणूस’ वेगळा. अभ्यासक या ओळीवर फार लट्टू असतात. मला ती थोडी सोयीची वाटते. दोघांचा पगार एकाच वर्तमानपत्रातून येत होता.

चोरीच्या आरोपाबद्दल. इथे मी संग्राहक म्हणून बोलते. हॅरिसने गोष्टी कशा मिळवल्या हे त्याने स्वतः नोंदवलंय. 1882 च्या उन्हाळ्यात अटलांटापासून वीसेक मैलांवरच्या नॉरक्रॉस स्टेशनवर तो रात्री गाडीची वाट पाहत होता. जवळच रेल्वेचे काळे मजूर बसले होते. त्याने त्यांना काही विचारलं नाही. तो त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि हळू आवाजात, जणू शेजारच्यालाच सांगतोय अशा थाटात, डांबराच्या बाहुलीची गोष्ट सांगायला लागला. ती संपायच्या आत मजूर हसायला लागले, मग चढाओढीने आपापल्या गोष्टी सांगू लागले. अंधार होता म्हणूनच हे जमलं, असंही तो लिहितो.

क्षेत्रकाम केलेल्या कुणालाही हे वाचून दाद द्यावीशी वाटेल. ‘आजी, एखादी गोष्ट सांगा ना’ म्हटलं की समोरची आजी ‘मला कुठलं येतंय’ म्हणते. आपण एक सांगितली की ती म्हणते, ‘अगं, अशी नाही ती!’ आणि सुरू होते. हॅरिसला हे तंत्र अवगत होतं. ऐकलेली गोष्ट तो दुसऱ्या सांगणाऱ्यांकडून पडताळून घ्यायचा. बोलीतले बारकावेही तो टिपायचा: मध्य जॉर्जियाची बोली रीमसच्या तोंडी आहे, तर दुसऱ्या पुस्तकात किनाऱ्याकडची गुल्ला भाषा बोलणारा डॅडी जॅक आहे, आणि दोघांचं बोलणं एकसारखं नाही. त्या काळच्या गोऱ्या लेखकांत इतकं कान देऊन ऐकणारे फार थोडे होते. पण नॉरक्रॉसच्या त्या अंधारात बसलेल्या मजुरांपैकी एकाचंही नाव पुस्तकात नाही.

सांगणाऱ्यांची नावं तेव्हा कुणी देतच नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. हॅरिसच्या बारा वर्षं आधी, 1868 मध्ये, लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर होती. तिच्या सोबतीला असलेल्या आया ॲना लिबराटा डिसूझा यांनी सांगितलेल्या गोष्टी तिने लिहून घेतल्या. राज्यकर्ती आणि नोकर, म्हणजे इथेही नातं विषमच होतं. पण मेरी फ्रिअरने ॲनाचं नाव दिलं आणि तिची स्वतःची जीवनकहाणी तिच्याच तोंडून पुस्तकात घातली: आजीकडून गोष्टी कशा मिळाल्या, हलाखी कशी आली, पोर कसं गेलं. हॅरिसच्या पुस्तकात जॉर्ज टेरेलची अशी दोन पानं असती, तर आज आपली ही चर्चा वेगळीच झाली असती. तेव्हा चोरी हा शब्द मी वापरत नाही. सांगणाऱ्या माणसांच्या जागी एक काल्पनिक म्हातारा बसवला, हा माझा आक्षेप आहे, आणि तो चोरीपेक्षा सौम्य आहे असं मला वाटत नाही.

ॲनाच्या पुस्तकाला धरूनच एक गंमत सांगते. त्यात मगर आणि कोल्ह्याची एक गोष्ट आहे. मगर पाण्यात कोल्ह्याचा पाय धरते. कोल्हा हसून म्हणतो, अगं, तू तर लव्हाळ्याचं मूळ धरलंस. मगर पाय सोडते. पुढे ती त्याच्या बिळात लपते, तेव्हा कोल्हा बाहेरून हाक मारतो, घरा, आज तू मला ओ का देत नाहीस? मगर मूर्खासारखी आतून ओ देते. अंकल रीमसकडे कोल्ह्याने धरलेलं कासव म्हणतं, ते बुंध्याचं मूळ सोड आणि मला धर. आणि 1892 च्या संग्रहात ससा स्वतःच्या घराला अशीच हाक मारून आत लपलेल्या वैऱ्याला उघडं पाडतो. पंचतंत्रातली बोलणारी गुहा तुमच्या मुलांना ठाऊक असेलच.

डांबराच्या बाहुलीचंही तसंच. पाली जातकांत पंचायुध राजकुमाराची कथा आहे. चिकट केसांच्या राक्षसावर त्याची शस्त्रं चिकटतात, मग एक हात, दुसरा हात, एक पाय, दुसरा पाय, शेवटी डोकं. ससाही याच क्रमाने अडकतो. 1892 मध्ये लोककथांचा अभ्यासक जोसेफ जेकब्जने हे साम्य दाखवलं, आणि पुढे ऑरेलिओ एस्पिनोसाने जगभरातून या कथेची शेकडो रूपं गोळा करून तिचं मूळ भारतात असल्याचा दावा केला. वर्गात हे जरूर सांगा, पण ‘म्हणजे गोष्ट मुळात आपलीच’ असं म्हणून टाळ्या घेऊ नका. पश्चिम आफ्रिकेत चिकाच्या बाहुलीची गोष्ट घट्ट रुजलेली आहे आणि अमेरिकेत ती आफ्रिकन माणसांबरोबर गेली. गुलामांच्या जहाजातून ती कुणी नेली हा प्रश्न ती पहिल्यांदा कुठे सांगितली गेली यापेक्षा मला मोठा वाटतो.

हॅरिसच्या पुस्तकाला पुढे काय काय झालं ते थोडक्यात. 1882 मध्ये मार्क ट्वेन त्याला न्यू ऑर्लिन्समध्ये भेटला. अंकल रीमसला बघायला जमलेली मुलं हा तर गोरा आहे म्हणून हिरमुसली, आणि हॅरिस इतका बुजरा की त्याने वाचून दाखवायला नकार दिला. शेवटी ट्वेन आणि लेखक जॉर्ज केबल यांनी आपलं वाचलं. 1899 मध्ये चार्ल्स चेस्नट या कृष्णवर्णीय लेखकाने ‘द कॉन्ज्युअर वुमन’ लिहून ही चौकटच उलटी केली. त्याचा अंकल ज्युलियस गोऱ्या जोडप्याला गोष्टी सांगतो, पण त्या गुलामगिरीतल्या क्रौर्याच्या असतात, आणि प्रत्येक गोष्टीत म्हाताऱ्याचा स्वतःचा काही मतलब असतो. हॅरिस वाचून संपवल्यावर लगेच चेस्नट वाचावा. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने फ्लोरिडातल्या आपल्याच गावी जाऊन आपल्याच लोकांकडून गोष्टी घेतल्या आणि 1935 मध्ये छापल्या. 1946 च्या डिस्ने चित्रपटाचं उद्घाटन अटलांटात झालं, पण रीमसची भूमिका करणारा जेम्स बास्केट त्या वंशभेदी शहरातल्या समारंभाला जाऊ शकला नाही. हॅरिसच्या अटलांटातल्या घराचं स्मारक झालं आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकर हीसुद्धा ईटन्टनचीच. आपल्या वारशाचा मोठा भाग या माणसाने चोरला, असं तिने स्पष्ट म्हटलंय. तिच्या घरी या गोष्टी सांगितल्या जायच्या. तो चित्रपट पाहिल्यावर त्या थांबल्या. माझ्या आक्षेपापेक्षा तिचा आक्षेप मोठा आहे आणि तिला तो घेण्याचा हक्क आहे.

आता तुमच्या वर्गाकडे येऊ. सुरुवातीला सांगा की या गोष्टी अमेरिकेत गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या आफ्रिकन माणसांच्या आहेत, आणि जॉर्ज टेरेल, ओल्ड हार्बर्ट, आंट क्रिसी ही नावं फळ्यावर लिहा. हॅरिसचं नाव ‘लिहून घेणारा’ म्हणून त्यांच्या खाली. लहान वर्गांना कासवाची शर्यत आणि डांबराची बाहुली पुरे. ‘हवं ते कर, पण त्या काटेरी जाळीत मला टाकू नकोस’ या विनवणीवर मुलं हमखास भोपळ्यातल्या म्हातारीची आठवण काढतात, ती काढू द्या. बाहुलीच्या गोष्टीचं दुसरं रूपही आहे, आणि मला तेच जास्त आवडतं. दुष्काळात सगळे प्राणी विहीर खणतात, ससा खणायला येत नाही, आणि रात्री पाणी मात्र चोरतो, म्हणून बाहुली उभी केली जाते. हॅरिसच्या पुस्तकात हा भाग नाही, पण कृष्णवर्णीयांच्या इतर अनेक कथनांत आहे. पाणी कुणाचं, खणलं कुणी, यावर आपल्याकडची मुलं खूप बोलतात.

लांडग्याला पेटीत कोंडून वरून उकळतं पाणी ओतण्याची आणि कोल्ह्याचं मुंडकं त्याच्याच बायकोकडे रश्शासाठी नेण्याची, या दोन गोष्टी लहानांना सांगू नका. मोठ्यांनाही सांगताना नरम करू नका.

रीमसच्या बोलीची नक्कल म्हणून मराठीत एखादी ग्रामीण बोली ‘गमतीसाठी’ वापरायचा मोह होईल. तो टाळा, कारण अटलांटाच्या वाचकांनी नेमकं तेच हसू विकत घेतलं होतं. तुमची स्वतःची बोली असेल तर मात्र खुशाल तिच्यात सांगा. इंग्रजीतून वाचायचं असेल तर ज्युलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकाने 1987 पासून चार भागांत केलेलं पुनर्कथन घ्या. त्याने रीमसची झोपडी आणि मालकाचा पोरगा दोन्ही काढून टाकले आहेत, आणि ससा तेवढाच बेरकी राहिला आहे. लोण्याची गोष्ट आठवी-नववीसाठी राखून ठेवा. ओपॉसम मेल्यावर कुणीतरी ‘हे बरोबर नाही’ म्हणेलच. तेव्हा रीमसचं उत्तर वाचून दाखवायची घाई करू नका, आधी वर्गाला बोलू द्या.